पुढच्या दोन दातांमधली फट

बत्तीशीकाकूंना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, दात राहत. रस्त्यात कोणी हसून हाक मारली की त्या आधी तोंडात बघत आणि मग ओळख देत. तीही नावानं नाही. ही डाव्या बाजूनं चावणारी, हा झोपेत दात खाणारा, ही ती शिवणकामवाली, दोरा तोडून तोडून पुढच्या दाताला खाच पाडून घेतलेली. नवरा वैतागायचा. "अगं, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलावं माणसानं." काकू म्हणायच्या, "डोळ्यांचं काम माझ्याकडे येत नाही."

त्यांच्याकडे काम यायचं ते कवळ्यांचं. घराच्या मागच्या खोलीत त्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांब टेबल, खिडकीखाली गॅसची शेगडी, प्लास्टरचं पोतं, गुलाबी मेणाचा डबा, घासायची मोटर आणि फळीवर ओळीनं मांडलेले गावातल्या लोकांचे प्लास्टरचे जबडे. ही विद्या त्या थोरल्या भावाकडून शिकल्या. भावाचे हात थरथरायला लागले तेव्हा टेबल, मोटर आणि चौकातले दातांचे डॉक्टर, असं सगळं एकदमच काकूंकडे आलं. डॉक्टर तोंडाचं माप घेत, साचा डब्यात घालून पाठवत, काकू त्यावर दात बसवून कवळी परत पाठवत. या धंद्याचे दोन नियम भावाच्याही आधीपासूनचे होते. पेशंटनं कारखाना बघायचा नाही, आणि कवळी करणाऱ्यानं कुणाच्या तोंडात हात घालायचा नाही. तोंड डॉक्टरचं, दात आपले. कायदाच तसा होता आणि काकूंची त्याबद्दल तक्रार नव्हती.

पण स्वभाव पडला चौकस. डबा उघडला की साचा हातात फिरवत त्या माणूस ओळखायला बसत. रात्री जेवताना सांगत, "आज एक भलता तापट माणूस आला होता." नवरा घास थांबवून विचारी, "कुठे? मला दिसला नाही." "डब्यातून आला." त्यांचे अंदाज निम्मे बरोबर येत आणि निम्मे साफ कोसळत. एका बाईचे झिजलेले दात बघून त्यांनी तिला जन्माची चिक्कू ठरवून टाकली होती. पुढे कळलं, ती दातानं बाटल्यांची बुचं उघडायची. चुकल्याचं त्यांना वाईट वाटत नसे. नवं काही कळलं म्हणून उलट त्या खुशीत असत.

त्या वर्षी गावात एकच विषय होता. सरकारी दवाखाना नगरपालिकेचा, आणि नगरपालिकेपुढे ठराव आला होता की दोन पुरुष किंवा दोन बायका एकत्र संसार करत असतील तर दवाखान्यानं त्यांना एकमेकांचं घरचं माणूस धरावं, आणि कुठल्याही डॉक्टरनं त्या कारणावरून पेशंट परत पाठवू नये. मग काय, रेडिओवर रोज दुपारी लोकांचे फोन सुरू झाले. डॉक्टरांच्या संघटनेनं निवेदन काढलं की डॉक्टरलाही मन असतं. कुणी म्हणे हा आजार आहे, कुणी म्हणे आजार असेल तर मग औषध नाकारता कसं. काकूंचा नवरा निवृत्त बसड्रायव्हर. तो रेडिओशी भांडायचा, पण दोन्ही डगरींवर हात ठेवून. सकाळी म्हणायचा, "आजारी माणसाला ताप किती ते विचारावं, बिछान्यात कोण ते कशाला?" आणि संध्याकाळी, "तरी पण डॉक्टरवर जबरदस्ती बरी नव्हे."

काकूंना या वादात बाजू नव्हती, नुसतं कुतूहल होतं. समलिंगी हा शब्द रेडिओवर इतक्यांदा यायचा आणि असं माणूस आपण एकदाही पाहिलं नाही याची त्यांना चुटपुट लागली. मग वाटलं, फळीवर पन्नास जबडे आहेत, त्यात असेलही एखादं. साच्यावरून तेवढं कळत नाही.

त्याच सुमारास एक डबा आला. वरचा आणि खालचा, दोन्ही जबडे रिकामे, हिरड्या नुकत्याच भरून आलेल्या. तोंडात एकही दात शिल्लक नसला की दात कसे लावायचे याला काही आधार राहत नाही, म्हणून काकू अशा वेळी जुना फोटो मागवून घेत. माणूस हसताना पाहिजे, ही अट. या डब्यात फोटो होता. एका दुकानापुढे दोन तरुण उभे. उजवीकडचा तोंडभर हसतोय, पुढच्या दोन दातांत चांगली काडी जाईल एवढी फट. डावीकडचा ओठ मिटून उभा. काकूंनी भिंग लावून उजवीकडच्याचे दात पाहिले आणि खूश झाल्या. सरळसोट दात लावून लावून त्यांना कंटाळा आला होता. जबडा त्या दातांना किंचित अरुंद वाटला, पण फोटो काय खोटं सांगणार? त्यांनी मेणात दात उभे केले, फटीसकट.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेडिओवर एका म्हाताऱ्याचा फोन लागला. तोंडाचं पार बोळकं झालेलं. "मी पुफ्तकं बांधतो," तो म्हणाला. निवेदकानं विचारलं, काय बांधता? मग तो आपल्या माणसाबद्दल सांगायला लागला, त्याच्या आजारपणाबद्दल, आणि म्हणाला, "दवाखान्यात मला आत फोडलं नाही." निवेदक म्हणाला, "काय फोडलं?" आणि हसू आवरेना तशी त्यानं जाहिरात लावली. काकूंचा नवराही हसला. जरा वेळानं म्हणाला, "नको होतं हसायला." काकूंनी हातातली सुरी खाली ठेवली होती. जुना बोळका माणूस ओठांनी बोलायला शिकतो. हा अजून शिकलेला नव्हता, म्हणजे याचे दात नुकतेच गेलेत.

संध्याकाळपर्यंत चौकात पोरंसोरं एकमेकांना विचारत होती, "आत फोडलं का?" गावाला एक शब्द मिळाला की गाव महिनाभर चघळतं, त्याला दातही लागत नाहीत.

सकाळी डॉक्टरांचा फोन आला. "काकू, तो फोटोवाला डबा थांबवून ठेवा."

"का हो? मेणात लावून झालंय. आज तोंडात घालून बघायला पाठवणार होते."

"रेडिओ ऐकलात ना काल?"

"तो हा?"

"हाच. काल दोघी विचारून गेल्या, चूळ भरायला तोच पेला आम्हाला देता का म्हणून. मलाही पोट आहे, काकू. निवेदनावर सही आहे माझी. मी त्यांना म्हटलं, दवाखाना बंद झाल्यावर मागच्या दारानं या. तर ते नाही म्हणाले."

"दात कुणी काढले त्यांचे?"

डॉक्टर म्हणाले, "मीच. हलत होते सगळे. तेव्हा काय ठाऊक होतं."

डॉक्टर दुष्ट नव्हते. गरिबाचं बिल विसरणारा, लहान मुलांशी गमती करत दात काढणारा माणूस. पण भ्यालेला भला माणूस कामाच्या वेळी कुणाच्या उपयोगी पडत नाही. माणसाचे दात काढून घ्यायचे आणि मग द्यायचे नाहीत, हे काकूंना कसंसंच वाटलं. तरी खरं सांगायचं तर त्या उठल्या त्या न्यायासाठी नव्हे. आयुष्यभर साच्यावरून माणसं ताडली, आता एक माणूस त्यांना समोर बसवून बघायचा होता. फोटोतल्या दुकानाच्या पाटीवर घड्याळदुरुस्ती असं वाचता येत होतं. काकूंनी नवऱ्याचं बंद पडलेलं घड्याळ पिशवीत टाकलं आणि निघाल्या.

दुकान एकच, पण अर्धं अर्धं. डावीकडे कागदाचे गठ्ठे, खळीचा डबा, पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी दाब. उजवीकडे काचेचं कपाट, आत घड्याळं, त्यावर चादर टाकलेली. तोंडाला रुमाल धरून एक म्हातारा पुठ्ठा कापत होता. गावात त्याला बाइंडर म्हणत आणि दुसऱ्याला घड्याळवाला. चाळीस वर्षं दोघं खाली धंदा करत आणि वर राहत. गाव त्यांना भागीदार म्हणायचं आणि पुढचा प्रश्न विचारायचं नाही. सोय होती सगळ्यांची.

बाइंडरचं बोलणं इथे सरळ करून लिहिलं आहे, ऐकताना ते तसं नव्हतं. तो म्हणाला, "घड्याळं बंद आहेत. करणारा गेला."

"घड्याळ नुसतं निमित्त होतं," काकू म्हणाल्या. "तुमचे दात माझ्याकडे आहेत."

त्यानं पुठ्ठा खाली ठेवला. मग कळलं की शनिवारी नगरपालिकेच्या सभागृहात लोकांचं म्हणणं ऐकून घेणार आहेत आणि बाइंडरनं नाव दिलेलं आहे. रेडिओच्या आधी दिलं होतं. "आता जाणार नाही," तो म्हणाला. "तोंड उघडलं की हसतात. जे सांगायचंय त्याच्यावर हसलेलं मला चालणार नाही. दात असते तर बोललो असतो. नाहीत, तर बोलणार नाही."

"मग उद्या माझ्याकडे या. पुढच्या दारानंच."

नवऱ्यानं हे ऐकलं तेव्हा तो म्हणाला, "आणि डॉक्टरांनी डबे पाठवायचे बंद केले तर?"

"तर तुमची करीन एक कवळी. फुकटात."

"माझे दात शाबूत आहेत."

"बघते की रोज," काकू म्हणाल्या.

बाइंडर आला. काकूंनी त्याला खिडकीपाशी स्टुलावर बसवलं, मेणातली कवळी बशीत ठेवून पुढे केली आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. "तुमच्या हातानं घाला. मी नुसतं बघणार. मी हात लावला तर गुन्हा आहे." त्यानं आधी वरची घातली, मग खालची. काकू त्याच्याभोवती फिरून, वाकून, तिरक्या होऊन बघत होत्या, हात मात्र पाठीमागे. पाहिजे तिथे बोट घालायला त्या इतक्या तळमळत होत्या की नवरा दारात उभा राहून हसायला लागला.

"आता साठपासून मोजा," काकू म्हणाल्या. सगळे स त्या आकड्यांत येतात, म्हणून नवी कवळी अशीच तपासतात. बाइंडर म्हणाला, "साठ. एकसष्ट. बासष्ट." प्रत्येक आकड्याला बारीक शिट्टी वाजत होती. काकूंच्या कपाळाला आठी पडली. "फटीतून हवा जाते. आरसा बघा, मग सांगा."

त्यानं आरशात बघितलं. खिशातला रुमाल त्यानं काढला तो या वेळी तोंडाला लावला नाही, डोळ्यांना लावला.

"टोचतंय का?" काकूंनी विचारलं.

"नाही. हे माझे नाहीत."

"बसत नाहीत?"

"बसतात. पण हे त्याचे आहेत."

काकूंनी फोटो आणला. बाइंडरनं डावीकडच्या, ओठ मिटून उभ्या असलेल्या तरुणावर बोट ठेवलं. "हा मी."

"पण मी हसरा फोटो मागितला होता. तुम्ही कुठे हसताय?"

"हसतोय की. मी असाच हसायचो. माझे दात वेडेवाकडे होते. एवढा हसलेला माझा दुसरा फोटो नाही."

काकूंनी फोटो परत भिंगाखाली धरला. इतकी वर्षं साच्यावरून माणसं ओळखायचा तोरा, आणि एका जिवंत माणसाच्या तोंडात त्याच्या गेलेल्या माणसाचे दात घालून ठेवले होते. त्यांना मनापासून लाज वाटली. "मेणच आहे," त्या म्हणाल्या. "आत्ता काढून सरळ लावून देते."

"थांबा जरा," तो म्हणाला आणि पुन्हा आरशात बघू लागला.

दुसरं कोणी असतं तर चहाच्या निमित्तानं बाहेर गेलं असतं. काकू गेल्या नाहीत. त्यांनी स्टूल जवळ ओढलं आणि विचारलं, "कसा होता हो तो?"

मग त्यांनी विचारतच राहावं आणि त्यानं सांगतच राहावं असं झालं. भांडण कशावरून व्हायचं? खिडकीवरून, एकाला उघडी लागे, एकाला बंद. स्वयंपाक कोण करी? ज्याच्याकडे त्या दिवशी गिऱ्हाईक कमी. जीव जडलाय हे कधी कळलं? ते कळत नाही, एके दिवशी ते असतंच. घड्याळ दुरुस्त करताना त्या फटीतून तो शिट्टी वाजवायचा, गाणं नाही, एकच बारीक सूर. सूर थांबला की समजायचं, स्क्रू खाली पडला, मग दोघंही गुडघ्यांवर शोधायला. बाइंडर मधूनमधून हसत होता आणि आरशात मात्र दुसराच कोणी हसत होता. चाळीस वर्षांत यातलं काही त्याला कुणी विचारलंच नव्हतं. रेडिओवर हक्कांबद्दल इतकी चर्चा झाली, पण खिडकी उघडी की बंद हे एकानंही विचारलं नव्हतं. काकूंना त्याची माया वाटली.

"आणि दवाखान्यात?"

तिथे तो हळू बोलायला लागला. घड्याळवाल्याला एक थोरली बहीण, ताई. आई लवकर गेल्यामुळे तिनंच त्याला वाढवलेलं. अधूनमधून दुकानात यायची, दोघांसाठी स्वेटर विणून आणायची, लग्नाचं विचारायची आणि उत्तराआधी निघून जायची. तो दवाखान्यात पडला तेव्हा वॉर्डच्या दारात नर्सनं बाइंडरला विचारलं, तुम्ही कोण? तो म्हणाला, भागीदार. नर्सनं ताईंकडे बघितलं, हे तुमच्या घरचे का? ताई म्हणाल्या, "नाही. घरची मीच."

"रागानं म्हणाल्या?"

"नाही. घाबरून. पण म्हणाल्या." मग तो दाराबाहेरच्या बाकावर बसून राहिला, शेवटपर्यंत. "शेवटी शेवटी आतून शिट्टी ऐकू आली असं मला वाटलं. मी उठलो, तर दार बंद. भासही असेल. तेवढंच मला सभेत सांगायचंय."

जरा वेळानं त्यानं विचारलं, "फट ठेवून शिट्टी घालवता येते का?"

काकूंना असा प्रश्न उभ्या आयुष्यात कुणी केला नव्हता. त्या कामाला लागल्या. टाळूकडून मेण चढवलं, घासलं, परत चढवलं. बाइंडर दोनदा येऊन साठपासून मोजून गेला. एकेक आकडा साफ होत गेला. शेवटी एकच उरला.

"सदुसष्ट काही ऐकत नाही," पक्की करून झालेली कवळी पुढे करत काकू म्हणाल्या. "सभेत सदुसष्ट म्हणू नका म्हणजे झालं. आणि हे बघा, नवी कवळी टोचतेच. टोचेल तिथे घासून द्यायचं काम डॉक्टरांचं, माझ्या हातात नाही. शनिवारपुरतं सोसा."

शनिवारी सभागृह भरलं होतं. मधल्या वाटेच्या एका बाजूला ठरावाचे, दुसऱ्या बाजूला विरोधातले, आणि काकूंचा नवरा खांबाला टेकून नेमका मध्ये उभा. व्यासपीठावर नगराध्यक्ष आणि संघटनेतर्फे आलेले डॉक्टर. बाइंडर दातावर दात ठेवून बसला होता, अक्षरशः, कारण कवळी टोचत होती.

त्याच्या आधी विरोधातल्या एक वयस्कर बाई उठल्या. आवाज खणखणीत. "आजाऱ्याच्या उशाशी घरच्यांनीच असावं," त्या म्हणाल्या. "मी माझ्या भावाला कडेवर वाढवलं. त्याच्या शेवटाला बाहेरच्यानं येऊन मला बाजूला सरकवावं, हा कुठला न्याय? आणि घरातलं असं चव्हाट्यावर कशाला? आपलेच दात आणि आपलेच ओठ." हे म्हणताना त्यांचं तोंड नीट उघडलं आणि काकूंनी पाहिलं. पुढच्या दोन दातांत तीच फट. भिंगाखाली पाहिलेली, मेणात उभी केलेली. म्हणजे या ताई, काकूंनी ताडलं. कवळी अजून काढून ठेवता येईल असं त्यांना वाटलं, पण तोवर बाइंडरचं नाव पुकारलं होतं.

तो माइकपाशी गेला. मागून कुणीतरी कुजबुजलं, "आत फोडलं का?" आणि चार माणसं खुसखुसली. त्यानं रुमाल खिशात ठेवला.

"मी पुस्तकं बांधतो," तो म्हणाला. शब्द स्वच्छ आला. खुसखुस थांबली. "माझ्याशेजारी बसून एक माणूस घड्याळं दुरुस्त करायचा. आम्ही वर एकत्र राहायचो. वॉर्डच्या दारात मला विचारलं, तुम्ही कोण, तर मी भागीदार म्हणालो. ती चूक माझी. चाळीस वर्षं सोयीचा शब्द वापरला, आणि गरज पडली तेव्हा दुसरा तोंडाला आला नाही. ज्यांनी मला आत सोडलं नाही त्यांच्यावर मी दात ठेवलेला नाही. मला एवढंच सांगायचंय की त्याला एक सवय होती. मी हवा असलो की तो हाक मारायचा नाही, शिट्टी वाजवायचा. शेवटी आतून ती आली असं मला वाटलं. आली का नाही, हे मला आता कधीच कळणार नाही. दारातल्या नियमानं माझं तेवढं नेलं. तो सदुसष्ट वर्षांचा होता."

सदुसष्टला शिट्टी वाजली. माइकमुळे ती बारीक, लांब शिट्टी साऱ्या सभागृहात घुमली. तो विसरला होता की मुद्दाम म्हणाला, हे काकूंनी पुढे कितीदा तरी विचारलं, त्यानं सांगितलं नाही. मागे कोणीतरी हसलं आणि शेजाऱ्यानं त्याला गप्प केलं. ताई मान खाली घालून बसल्या होत्या, त्यांनी मान वर केली.

व्यासपीठावरून डॉक्टर बाइंडरच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. मग त्यांची नजर गर्दीत फिरत काकूंवर आली. काकूंनी दोन्ही हात वर करून पालथे-उताणे करून दाखवले. मी हात लावलेला नाही.

ठरावाचं काही झालं नाही. पुढच्या बैठकीत विचार करू, असं नगराध्यक्ष म्हणाले. लोक उठले, खुर्च्या सरकल्या. डॉक्टर खाली उतरून बाइंडरपाशी आले आणि गालाकडे बघत म्हणाले, "उजवीकडे खाली टोचतंय ना?"

"टोचतंय."

"सोमवारी या. घासून देतो."

"कुठल्या दारानं?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "दहाला या," ते म्हणाले. दहाला त्यांचा दवाखाना भरलेला असतो हे सगळ्या गावाला माहीत होतं.

डॉक्टर वळून गेले आणि त्यांच्या मागे ताई उभ्या होत्या. आजूबाजूचे लोक थबकले. आता काहीतरी ऐकायला मिळणार म्हणून दोघंचौघं जवळही सरकले. ताई कुणाकडे बघत नव्हत्या, फक्त बाइंडरच्या तोंडाकडे बघत होत्या. माइकवरचा तो खणखणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"एकदा हस बघू," त्या म्हणाल्या.

काकू दोन पावलांवर होत्या. जन्मभर ज्यांनी नको तिथे नाक खुपसलं, भिंग लावून परक्या माणसांच्या तोंडात डोकावलं, त्या बत्तीशीकाकूंनी तेवढ्यापुरती मान फिरवली आणि खांबाशी उभ्या असलेल्या नवऱ्याच्या शर्टाच्या बटणांकडे बघत राहिल्या. त्यामुळे तो हसला का, कसा हसला, हे त्यांना दिसलं नाही.  फक्त ताईंचा आवाज आला.

"वाजवत होता तो. दोनदा वाजवली. मी म्हटलं, दम लागलाय."